प्रश्न वाचकांचे: फोर व्हील ड्राइव्ह असताना हिवाळी टायर कशाला?

प्रश्न: माझ्या एसयूव्हीत इंजिनाची ताकद कायम चारही चाकांना मिळते आणि हिम पडले तरी गाडी सहज पुढे जाते. मूळचे टायर अजून चांगले असताना हिवाळी टायरचा वेगळा संच घेणे खरोखरच आवश्यक आहे का?

उत्तर: “सहज पुढे जाते” हे आपले शब्द मी दोनदा वाचले, कारण गोंधळाचे मूळ तिथेच आहे. फोर व्हील ड्राइव्ह इंजिनाची ताकद दोनऐवजी चार चाकांत वाटते, त्यामुळे गाडी जागची हलते आणि चढ चढते. ब्रेक मात्र साध्यातल्या साध्या मोटारीच्याही चारही चाकांना असतात, म्हणून थांबण्याच्या बाबतीत आपली गाडी कोणत्याही लहान हॅचबॅकपेक्षा वरचढ ठरत नाही. वळण्याचेही तेच आहे. थांबणे आणि वळणे या दोन्ही गोष्टी टायरचा जो तळहाताएवढा भाग रस्त्याला टेकलेला असतो, त्याच्या पकडीवर अवलंबून असतात, आणि ती पकड गिअरपेटीतून वाढवता येत नाही.

थोडा हिशेब मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कोरड्या डांबरावर, म्हणजे घर्षणाचा गुणांक (टायर आणि रस्ता यांच्यातील पकडीचा आकडा) ०.८ धरला तर, ब्रेक लागल्यापासून साधारण १२ मीटरमध्ये थांबते. वाहनांनी दाबून घट्ट केलेल्या हिमावर हा गुणांक ०.२५ च्या आसपास येतो आणि अंतर ३९ मीटर होते. काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर तो ०.१ धरला, तर तेच अंतर ९८ मीटरवर जाते. या हिशेबात गाडीची किती चाके इंजिनाला जोडलेली आहेत याला कुठेही स्थान नाही. आपल्या हातात असतो तो फक्त वेग आणि टायरचे रबर.

हा धडा मीही पुस्तकातून शिकलेलो नाही. एका पहाटे ताज्या हिमातून माझी फोर बाय फोर इतकी सहज निघाली, की उतार लागेपर्यंत रस्ता निसरडा असल्याची शंकाच आली नाही. उताराच्या टोकाशी वळण होते. पायाखाली ब्रेकचे पेडल एबीएसमुळे (चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेमुळे) टकटकत राहिले, स्टिअरिंग पूर्ण वळलेले होते, आणि गाडी मात्र सरळ रेषेत जाऊन कडेच्या हिमाच्या ढिगाऱ्यात अलगद रुतली. इंजिनाची ताकद दोनच चाकांना मिळणारी गाडी त्या दिवशी अंगणातच घसरली असती आणि मी वेळीच सावध झालो असतो. फोर व्हील ड्राइव्हने मला तो इशारा मिळू दिला नाही.

आता रबराविषयी. उन्हाळी टायरचे मिश्रण गरम रस्त्यासाठी असते, आणि तापमान साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उतरू लागले की ते ताठर होत जाते. हिवाळी टायरच्या मिश्रणात सिलिकाचे व नैसर्गिक रबराचे प्रमाण असे ठेवलेले असते, की शून्याखालीही ते लवचिक राहते. थंडीत रात्रभर बाहेर राहिलेल्या दोन्ही टायरांवर अंगठ्याचे नख दाबून पाहिले, तर एकात ते किंचित रुतते आणि दुसऱ्यावरून घसरते. शिवाय हिवाळी टायरच्या नक्षीतील प्रत्येक ठोकळ्यावर केसासारखे बारीक नागमोडी काप असतात. चाक फिरताना ते उघडतात, त्यांच्या कडा हिमात रुततात आणि बर्फावरचा पाण्याचा पातळ पापुद्रा बाजूला सारतात. मोठ्या खाचांत जे हिम भरते तेही उपयोगी पडते, कारण हिमाला हिम घट्ट धरते. लहान मुले हिमाचा गोळा वळतात ते याच गुणामुळे.

म्हणून आपल्या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी आहे. जिथे आठवडेच्या आठवडे तापमान ७ अंशांच्या खाली राहते तिथे, हिम अधूनमधूनच पडत असले तरी, मी हिवाळी टायर घेईन. मूळचा संच फुकट जात नाही, कारण त्याची झीज तेवढे महिने थांबलेली असते.

प्रश्न: काही टायरांवर “एम+एस” असे लिहिलेले असते, तर काहींवर डोंगर आणि हिमकणाचे चित्र असते. यांपैकी कशावर विश्वास ठेवावा?

उत्तर: चित्रावर ठेवावा. “एम+एस” म्हणजे चिखल आणि हिम. ही खूण नक्षीच्या रचनेवरून उत्पादक स्वतःच देतो, तिच्यामागे हिमावरची कोणतीही सक्तीची चाचणी नसते. त्यामुळे एसयूव्हीला कारखान्यातूनच बसवलेल्या बऱ्याच टायरांवर ती आढळते आणि मालकाला उगाचच निर्धास्त करते. तीन शिखरांच्या आत हिमकण असलेले चिन्ह १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडातील रबर उद्योगाने आणले. ते मिळवण्यासाठी टायरला दाबलेल्या हिमावर संदर्भ टायरपेक्षा, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या टायरपेक्षा, किमान १० टक्के अधिक ओढ दाखवावी लागते. जर्मनीत हिवाळी परिस्थितीत वापरायच्या टायरसाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून हेच चिन्ह ग्राह्य धरले जाते.

तरीही या चिन्हाची मर्यादा ध्यानात ठेवावी. त्याची चाचणी हिमावरची आहे, गुळगुळीत बर्फावरची नाही, आणि वळणावरची पकड तिच्यात तपासली जात नाही. आपल्या रस्त्यावर दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठणारा बर्फ अधिक असेल, तर युरोपीय संघाच्या टायर लेबलवर मे २०२१ पासून आलेले बर्फावरील पकडीचे स्वतंत्र चिन्हही शोधावे.

प्रश्न: माझ्या गाडीला मोठ्या, आक्रमक नक्षीचे ऑफ-रोड टायर आहेत. चिखलात ते उत्तम चालतात, मग हिमात का चालू नयेत?

उत्तर: ताज्या, खोल, भुसभुशीत हिमात ते चालतातही. फिनलंडमधील नोकियाच्या कारखान्याने १९३४ मध्ये ट्रकसाठी जो पहिला हिवाळी टायर बनवला, त्याची नक्षीही आडवी आणि हिम खणत जाणारी होती, कारण तेव्हाची अडचण न काढलेल्या हिमाची होती. आज बहुतेक रस्त्यांवरून हिम बाजूला लोटले जाते आणि मागे उरतो तो दाबलेला, चकाकणारा थर. त्यावर खणण्यासारखे काही नसते. तिथे रबराचा जास्तीत जास्त भाग आणि जास्तीत जास्त कडा टेकाव्या लागतात. चिखलाच्या टायरमध्ये ठोकळे मोठे, मधल्या पोकळ्या रुंद, रबर कठीण आणि बारीक काप जवळजवळ नसतात. दिसायला तो जितका रांगडा, तितका बर्फावर निरुपयोगी. ऑल-टेरेन, म्हणजे डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींसाठीच्या, प्रकारातील हिमकण चिन्ह असलेले टायर ही मधली वाट आहे. हिवाळ्यातही कच्च्या, दगडगोट्यांच्या रस्त्यावरून नेमाने जाणाऱ्याला ती मी सुचवीन, परंतु ज्याचा सारा प्रवास डांबरावरचा आहे त्याला नाही.

प्रश्न: खर्च वाचवण्यासाठी दोनच हिवाळी टायर घेतले तर ते पुढे लावावेत की मागे?

उत्तर: दोन घेऊच नयेत. पुढे लावले तर ब्रेक दाबताच किंवा वळताना गाडीची मागची बाजू सुटून गर्रकन फिरते. मागे लावले तर मागचा भाग स्थिर राहतो आणि पुढची चाके वळण न घेता सरळ जातात. हे कोणत्याही गाडीला लागू आहे; फोर व्हील ड्राइव्हमध्ये त्यात यंत्रणेच्या झिजेची भर पडते.

समजा, टायरचा व्यास ७०० मिलिमीटर आहे. त्याचा घेर सुमारे २२०० मिलिमीटर, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ४५५ फेरे होतात. दुसऱ्या जोडीची नक्षी २ मिलिमीटरने अधिक झिजलेली असेल, तर तिचा व्यास ४ मिलिमीटरने कमी भरतो आणि तेवढ्याच अंतरात तिचे सुमारे अडीच फेरे जास्त होतात. डोळ्यांना न दिसणारा हा फरक प्रत्येक किलोमीटरला कुणीतरी पचवावा लागतो. कायम फोर व्हील ड्राइव्ह असलेल्या गाडीत तो मधल्या डिफरन्शियलला (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या गिअरच्या जोडणीला) किंवा क्लचच्या जोडणीला अखंड सोसावा लागतो आणि ती तापत राहते. गरजेपुरती फोर व्हील ड्राइव्ह जोडणाऱ्या गाड्यांत बहुधा मधले डिफरन्शियलच नसते, पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीने फिरतो. तिथे हिमावर चाके थोडी घसरून ताण मोकळा होतो, पण कोरड्या डांबरावर तो सारा दांड्यांत आणि गिअरमध्ये साठत जातो. अशा गाडीत कोरडा रस्ता लागताच टू व्हीलवर यावे, हे त्यामुळेच सांगितले जाते.

तेव्हा चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे आणि शक्यतो एकाच झिजेचे असावेत. ८ ते १० हजार किलोमीटरनंतर पुढचे मागे आणि मागचे पुढे केले की झीज सारखी राहते. स्टेपनीही तपासावी, कारण वेगळ्या मापाची स्टेपनी अशा गाडीत लांबवर चालवणे म्हणजे हाच बिघाड ओढवून घेणे आहे.

प्रश्न: हिवाळ्यासाठी रुंद टायर घ्यावेत की अरुंद? आणि हवा नेहमीपेक्षा कमी ठेवावी का?

उत्तर: उत्पादकाने आपल्या गाडीसाठी मान्य केलेल्या मापांपैकी अरुंद माप निवडावे. अरुंद टायर हिम कापत खालच्या कठीण थरापर्यंत पोहोचतो, रुंद टायर त्यावर तरंगू पाहतो. उदाहरणार्थ, २६५/६५ आर १७ ऐवजी २४५/७० आर १७ घेतला, तर रुंदी २० मिलिमीटरने कमी होते, पण व्यास ७७६ वरून ७७५ मिलिमीटरवर येतो, म्हणजे वेगदर्शकाला फरक जाणवतही नाही. हिमात चाकावर चढवायच्या साखळीला चाकामागे जागा मिळते हा आणखी एक फायदा. मात्र भारांक, म्हणजे एक टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी असता कामा नये. एसयूव्ही जड असते आणि अरुंद मापात हा आकडा अनेकदा खाली येतो.

हवा कमी ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो खोल हिमातून अगदी हळू बाहेर पडण्यापुरताच खरा आहे. रस्त्यावर गाडीच्या दारावरील पट्टीवर लिहिलेला दाबच ठेवावा. तो थंडीने आपोआप घटतो, हे मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही. तापमान १० अंशांनी उतरले की दीड ते दोन पीएसआय हवा कमी भरते. म्हणून उबदार गॅरेजमध्ये २० अंशांना ३३ पीएसआय भरलेला टायर बाहेर उणे १० अंशांत थंड झाल्यावर साधारण २८ दाखवतो. दाब गाडी थंड असताना, बाहेरच तपासावा.

प्रश्न: खिळ्यांचे टायर सर्वांत सुरक्षित असे ऐकले आहे. ते घ्यावेत का?

उत्तर: प्रथम आपल्याकडचा कायदा पाहावा. स्वीडनमध्ये ते १ ऑक्टोबर ते १५ एप्रिल चालतात, जर्मनीत १९७५ पासून बंद आहेत आणि जपानने खिळ्यांनी खरवडलेल्या डांबराच्या धुळीमुळे १९९० मध्ये त्यांच्याविरुद्ध कायदा केला. शून्याच्या आसपासचा ओला बर्फ सर्वांत निसरडा असतो आणि खिळे खरे तिथेच जिंकतात. कडाक्याच्या थंडीत बर्फ कठीण होतो, पाण्याचा पापुद्रा उरत नाही आणि मऊ रबराचे बिनखिळ्यांचे टायर जवळपास बरोबरी करतात. डांबर उघडे असेल तर खिळ्यांचा आवाज, रस्त्याची झीज आणि लांबलेले ब्रेकचे अंतर एवढेच पदरी पडते. रोजचा रस्ता बर्फाचाच नसेल तर मी ते घेणार नाही.

प्रश्न: एका परिचिताकडून वापरलेला हिवाळी टायरचा संच मिळतो आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे?

उत्तर: टायरच्या बाजूवर लंबगोलात चार अंक असतात. ३५१९ म्हणजे २०१९ च्या ३५व्या आठवड्यात बनलेला. हिवाळी टायर न वापरताही कठीण होत जातो, म्हणून सहा वर्षांपेक्षा जुना संच मी नाकारीन. नक्षीची खोली प्रत्येक टायरला तीन ठिकाणी मोजावी. अनेक देशांची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर असली, तरी ४ मिलिमीटरच्या खाली हिमावरची पकड झपाट्याने जाते, आणि ऑस्ट्रियात तर हिवाळी टायरसाठी ४ मिलिमीटर हाच नियम आहे. काप ठोकळ्याच्या तळापर्यंत गेलेले नसतात, त्यामुळे टायर गोटा झालेला नसला तरी काप पुसट झालेले असू शकतात; ते उजेडात जवळून पाहावेत. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असल्यास रिमवर बसवताना तो पाळावा. आणि चारपैकी एकाचे जरी वर्ष, नक्षी किंवा झीज वेगळी निघाली, तर परिचिताला नम्रपणे नकार द्यावा.