गावात फ्लॅट घेताय? आधी जमिनीचे कागद बघा

तालुक्याचं ठिकाण सोडलं की फ्लॅट मोजकेच. त्यामुळे समोर आलेला एकच फ्लॅट हातचा जाऊ नये म्हणून घाई होते आणि नेमकी तिथेच फसगत होते. या विषयावर आलेले प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : आमच्या दापोली तालुक्यातल्या गावात पहिल्यांदाच बारा फ्लॅटची इमारत होते आहे. जागा दहा गुंठे. ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आहे, घरपट्टीही लागणार म्हणतात. दोन लाख टोकन आणि शेतकरी असल्याचा दाखला मागितला आहे. द्यावा का? – एक वाचक, सध्या पुणे

दाखला मागितला, तिथेच थांबा. शेतजमीन घ्यायला कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे खरेदीदार शेतकरी असावा लागतो. बिनशेती जागेवरचा फ्लॅट कोणीही घेऊ शकतो, त्याला हा दाखला लागत नाही. म्हणजे बहुधा जमीन अजून शेतीचीच आहे आणि फ्लॅटच्या नावाखाली तुम्हाला तिचा अविभक्त हिस्सा करून देण्याचा विचार आहे. तसं झालं तर बँक कर्ज देणार नाही आणि पुढे विकायला निघालात की गिऱ्हाईकही शेतकरीच शोधावं लागेल.

ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला आणि घरपट्टीचा नमुना ८ यांनी मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकामाची परवानगीही. नमुना ८ हे कराचं रजिस्टर आहे. विनापरवाना बांधकामावरही घरपट्टी बसते, कारण पंचायतीला कर हवा असतो. गावठाणाबाहेरच्या अशा इमारतीचा नकाशा जिल्हाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला महसूल अधिकारी नगररचना विभागाच्या शिफारशीने मंजूर करतो. त्या मंजूर नकाशाची शिक्क्यासह प्रत मागा आणि प्रत्यक्ष मजले तिच्याशी ताडून बघा. नकाशात तीन मजले आणि जागेवर चार, असं आढळलं तर चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट कितीही स्वस्त असला तरी नको.

आता जमीन. डिजिटल सही असलेला ताजा सातबारा स्वतः ऑनलाइन काढा, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जाऊ नका. त्यावर सगळ्यात आधी भूधारणा पद्धती वाचा. भोगवटादार वर्ग २ असेल तर हस्तांतराला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते आणि बहुतेक प्रकरणांत नजराणाही, म्हणजे सरकारला द्यायची रक्कम, भरावा लागतो. मग इतर हक्काचा रकाना बघा. कुळाचं नाव, बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, देवस्थान इनाम, ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा, जे काही असेल ते इथे सापडतं. त्यानंतर सातबाऱ्यावरच्या प्रत्येक फेरफार क्रमांकाचा उतारा काढा. कोकणात खरी गोम इथे असते. एका सात-बाऱ्यावर वीस-पंचवीस नावं, त्यातले निम्मे मुंबईत, काहींची वारसनोंद राहिलेली, लग्न होऊन गेलेल्या बहिणींची नावं लागलेलीच नाहीत. जमीनमालक आणि बिल्डर यांच्यातल्या विकसन करारावर चार भावांच्या सह्या असतात आणि इमारत उभी राहिल्यावर पाचवी वारस कोर्टात जाते. म्हणून करारावरच्या सह्या आणि सातबाऱ्यावरची नावं एकेक करून जुळवा. कोणासाठी मुखत्यारपत्र असेल तर ते नोंदणीकृत आहे का आणि देणारा हयात आहे का, हे विचारायला संकोच करू नका. तीस वर्षांचा शोध अहवाल तुमच्या वकिलाकडून घ्या, बिल्डरच्या वकिलाकडून नाही.

बिनशेतीचा कागद जागेनुसार वेगवेगळा असतो. कुठे बिनशेतीचा आदेश असतो, तर कुठे कर भरून मिळालेली सनद. तुमच्या गट नंबरला कोणता लागू आहे ते तहसील कार्यालयात सांगतात. समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा नकाशाही बघा. तिथे मंजुरीचा प्रश्न वेगळाच असतो.

राहिलं महारेरा, म्हणजे गृहप्रकल्पांची नोंदणी करणारं राज्याचं प्राधिकरण. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील तर नोंदणी माफ आहे. तुमची दहा गुंठे जागा म्हणजे सुमारे १,०१२ चौरस मीटर आणि फ्लॅट बारा. जागा नियोजन क्षेत्रात असेल तर नोंदणी हवीच. नोंदणी असलेल्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही. लहान, नोंदणीतून सुटलेल्या इमारतीला मोफा (महाराष्ट्र सदनिका मालकी) कायदा लागतो आणि तिथे ही मर्यादा २० टक्के आहे. पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घेतलेल्या साठेखताने फ्लॅट तुमचा होत नाही. आणि फ्लॅट जमीनमालकाच्या वाट्याचा असेल, तर कोणता क्रमांक कोणाच्या वाट्याला हे ठरवणारा नोंदणीकृत कागद मागा. तो नसताना एकच फ्लॅट मालक एकाला आणि बिल्डर दुसऱ्याला विकतो.

टोकन इतके कागद पाहिल्यावर, तेही चेकने.

प्रश्न : ५०० चौरस फूट कार्पेटचे तीस लाख सांगतात. जवळपास दुसरा फ्लॅटच नाही, तर भाव रास्त आहे की नाही कसं कळणार? – वाचिका, जुन्नर तालुका

तुलनेला फ्लॅट नसला की खर्चावरून भाव बांधायचा. उदाहरणादाखल हिशेब करू, आकडे तुमच्या गावचे घाला. दहा गुंठे जागा चार लाख रुपये गुंठ्याने चाळीस लाख, बारा फ्लॅटमध्ये वाटली की प्रत्येकी ३.३३ लाख. ५०० कार्पेटवर जिना, भिंती वगैरे धरून ६५० चौरस फूट बांधकाम, २,००० रुपये दराने १३ लाख. परवानग्या, विहीर, टाक्या, कुंपण यांचे दीड लाख. बेरीज १७.८३ लाख. त्यावर २० टक्के नफा दिला तरी २१.४ लाख होतात. मग उरलेले साडेआठ लाख कशाचे, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. उत्तर ‘इथे दुसरीकडे मिळत नाही’ एवढंच असेल, तर तुम्ही विकायला काढाल तेव्हा हे साडेआठ लाख परत मिळतील असं धरू नका. गावात फ्लॅट कमी असतात तसे फ्लॅटचे गिऱ्हाईकही कमीच असतात.

दुसरा आधार म्हणजे नोंदणी विभागाची ई-सर्च सेवा. गाव आणि गट क्रमांक घालून सूची क्रमांक २ काढली की त्याच इमारतीत आधी झालेल्या व्यवहारांची नोंदलेली रक्कम दिसते. शेजारच्या मोठ्या गावातली इमारतही पाहा.

किमतीशिवाय मुद्रांक शुल्क धरा. ग्रामपंचायत हद्दीत ते महापालिकेपेक्षा कमी असतं. फ्लॅट फक्त महिलेच्या नावावर असेल तर १ टक्का सवलत आहे. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. बांधकाम चालू असताना घेतला तर जीएसटी पडतो. परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत, म्हणजे तुमच्याकडे ९० चौरस मीटर कार्पेट आणि ४५ लाखांपर्यंत, तो १ टक्का असतो, नाहीतर ५. पूर्णत्वाच्या दाखल्यानंतर घेतलेल्या फ्लॅटवर जीएसटी नाही.

प्रश्न : ग्रामपंचायत हद्दीतल्या फ्लॅटला बँक कर्ज देते का?

बिनशेती, मंजूर नकाशा आणि निर्वेध मालकी असेल तर देते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने ठेवली आहे, पण बँक स्वतःच्या मूल्यांकनावर चालते. मूल्यांकन २२ लाख आलं आणि सौदा ३० लाखांचा असला तर वरची रक्कम तुमच्या खिशातून. म्हणून टोकन देण्याआधी कागदांचा एक संच बँकेत द्या. बँकेने नाकारलं तर कारण लेखी मागा. ‘कर्जाची कटकट नको, आमच्या पतसंस्थेतून करून देतो’ असं विकणारा आपणहून म्हणाला, तर राष्ट्रीयीकृत बँकेने तो प्रकल्प आधी परत पाठवला आहे का, याची चौकशी करा.

प्रश्न : सिंधुदुर्गात बारा फ्लॅटच्या इमारतीत घेतो आहोत. बरेच मालक मुंबईचे, गणपती आणि मे महिन्यात येणारे. आम्ही कायम राहणार. काय अडचणी येतात? – निवृत्त दांपत्य

पाणी, मैला आणि देखभालीची वर्गणी, या तीन. कागद चोख असूनही लोक घर सोडून जातात ते यांच्यामुळे.

बारा घरं, प्रत्येकी चार माणसं, माणशी १३५ लिटर धरले तर दिवसाला ६,४८० लिटर लागतात. नळ योजना जलजीवनच्या निकषाने माणशी ५५ लिटरची, म्हणजे २,६४० लिटर, तेही रोज आलं तर. उरलेले ३,८४० विहिरीतून किंवा बोअरमधून हवेत. ती आटली तर १०,००० लिटरचा टँकर अडीच दिवस पुरतो, महिन्याला अकरा-बारा टँकर. नेमके मे महिन्यात सगळे फ्लॅट भरलेले असतात आणि विहीर तळाला गेलेली असते. त्यामुळे पाणी पाहायचं ते एप्रिल-मेमध्ये. पंप दोन तास सलग चालवा आणि पातळी पुन्हा किती वेळात भरते ते बघा.

सांडपाण्याला गावात गटार योजना नसते, सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा असतो. शोषखड्डा विहिरीपासून किमान १८ मीटर दूर हवा, आणि जांभ्यात त्याहून लांब असलेला बरा. जांभा सच्छिद्र आणि भेगाळ असतो, त्यातून मैलापाणी फारसं न गाळता विहिरीपर्यंत जातं. विहिरीचं पाणी जीवाणूंसाठी तपासून घ्या, पावसाळ्यात पुन्हा एकदा. टाकी दर दोन-तीन वर्षांनी उपसावी लागते. उपसणारी गाडी कुठून येते आणि ती टाकीपर्यंत पोचते का, हेही बघून ठेवा.

आणखी एक फेरी जुलैमध्ये मारा. नैर्ऋत्येचा पाऊस मारतो त्या बाजूच्या भिंतींना आतून हात लावा, खिडकीच्या वरच्या कोपऱ्यात आणि गच्चीच्या स्लॅबखाली ओल आहे का पाहा. वर पत्र्याची शेड असेल तर ती नकाशात आहे का विचारा.

वर्गणीचं म्हणाल तर बंद फ्लॅटलाही ती चुकत नाही. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सर्व सदनिकांवर सारखा बसतो. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (मोठ्या कामांसाठीचा राखीव निधी) किमान ०.२५ टक्के. वरच्या उत्तरातला १३ लाखांचा बांधकाम खर्च धरला तर दोन्ही मिळून वर्षाला १३,००० रुपये होतात. पण हे सगळं संस्था नोंदलेली असेल तर. ती नसली की बिल्डरचा माणूस पैसे गोळा करतो, मुंबईकर देत नाहीत आणि पंपाचं वीजबिल तुमच्यासारख्या चार कायम राहणाऱ्यांवर येतं. किमान पाच जण आणि निम्म्याहून जास्त सदनिकाधारक मिळून गृहनिर्माण संस्था नोंदवता येते. नोंदणी झाल्यावर थकबाकीसाठी उपनिबंधकांकडून वसुली दाखला मिळतो. करार करतानाच संस्थेची नोंदणी आणि जमिनीचं अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन संस्थेच्या नावावर करून देणं, किती महिन्यांत होणार हे कलम घालून घ्या. घराघरांत महावितरणचे स्वतंत्र मीटर आहेत की बिल्डरच्या एका जोडणीवर सबमीटर, हे ताबा घेण्याआधी बघा.

प्रश्न : बदली होऊन आरोग्य केंद्रात आले आहे. गावात फ्लॅटची जाहिरातच दिसत नाही. शोधायचा कुठे?

महारेराच्या संकेतस्थळावर जिल्हा आणि तालुका निवडून प्रकल्प बघा. त्याखेरीज तालुक्यातले आर्किटेक्ट, नकाशे काढणारे अभियंते आणि दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक यांना विचारा. कोणती इमारत कुठे अडली आहे हे त्यांना जाहिरातीआधी ठाऊक असतं. बँकांच्या लिलावाच्या नोटिसाही वाचा, पण त्यात प्रत्यक्ष ताबा बँकेकडे आहे की नुसता कागदोपत्री, ते आधी विचारा.

बदलीची नोकरी असेल तर आमचा सल्ला स्पष्ट आहे. पहिला एक उन्हाळा आणि एक पावसाळा भाड्याने काढा. भाड्याचा फ्लॅट मिळत नसेल तर गावातल्या घराचा वरचा मजला बघा, आणि अकरा महिन्यांचा करार असला तरी तो नोंदवून घ्या. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे.