शोट्बुल्लर (स्वीडिश मीटबॉल): गोळे रबरी का होतात आणि सॉस का फाटतो

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. लेक डागिसमध्ये, म्हणजे स्वीडनमधल्या पाळणाघरात, मीटबॉल मिटक्या मारत खाते आणि घरी केलेल्यांना हात लावत नाही. घरात बीफ-पोर्क चालत नाही म्हणून चिकनचा खिमा घेतलात, त्यात आलं-लसूण आणि गरम मसाला घातलात, गोळे वळून कोफ्त्यासारखे कच्चेच ग्रेव्हीत सोडलेत आणि शेवटी ‘ग्रेडफील’चा अख्खा डबा ओतून उकळी आणलीत. गोळे रबरी झाले, ग्रेव्ही फाटली.

आधी फाटण्याचं, कारण ते सोपं आहे. ग्रेडफील हे क्रीम नव्हेच. डब्यावर ‘ग्रेड’ दिसतं (ग्रेड्डे म्हणजे क्रीम) म्हणून इथे नवीन आलेले बरेच जण एकदा तरी फसतात. मीही फसलो होतो. ते विरजलेलं, आंबट, जेमतेम १२ टक्के स्निग्धांशाचं प्रकरण. स्वीडिश माणसं ते हेरिंग आणि नव्या बटाट्यांबरोबर गार खातात, नाहीतर चिप्स बुडवायला घेतात. उकळत्या रश्श्यात पातळ दही ओतलं की जे होतं तेच त्याचं होतं. तुम्हाला हवंय ते विस्पग्रेड्डे, फेटायचं क्रीम, ३६ ते ४० टक्क्यांचं. ते सॉसमध्ये खुशाल उकळा, सहसा काही होत नाही. त्याच्या शेजारीच १५ टक्क्यांचं मातलाग्निंग्सग्रेड्डे असतं. तेही चालतं, पण सॉसला अंग येत नाही. महिन्यातून एकदा करायचा पदार्थ, त्यात मी तरी हात आखडत नाही.

आता गोळे. इथे सांगण्यासारखं बरंच आहे.

मी २००९ साली लिंकोपिंगला शिकायला आलो, म्हणजे येताना ‘लिंकोपिंग’ म्हणत आलो आणि आठवडाभरात ‘लिनशोपिंग’ म्हणू लागलो. त्याच नियमाने हे कोट्बुल्लर नाहीत, शोट्बुल्लर. खालच्या मजल्यावरच्या आजींनी मला पहिल्यांदा ते करून दाखवले. मी मदतीला म्हणून लसूण सोलायला घेतला तर त्यांनी हसून तो बाजूला ठेवला. त्यांच्या हातच्या गोळ्यांत मीठ, पांढरी मिरी आणि ऑलस्पाइस, एवढंच. हे सपक लागेल असं मला वाटलं होतं. तसं का लागलं नाही, ते कळायला मला दोन-तीन वर्षं लागली.

आपल्या हाताला कोफ्त्याची सवय असते. तिथे गोळा रश्श्यात मुरतो आणि चव रश्श्यातून येते. इथे सगळं उलट आहे. गोळा लोण्यात पुरता भाजून बाहेर काढायचा, आणि पॅनच्या तळाशी जी तपकिरी खरवड धरते तिच्यातून सॉस उभा करायचा. ती खरवड हाच या पदार्थाचा मसाला. गोळे कच्चे सोडलेत की खरवड धरतच नाही, मग गरम मसाला कितीही घाला.

इथल्या घरांत सहसा ब्लांडफॅर्श वापरतात, म्हणजे बीफ आणि पोर्कचा मिश्र खिमा. पोर्कची चरबी गोळा मऊ ठेवते. चिकनच्या खिम्यात ती नाही, म्हणून ती आपण बाहेरून द्यायची. अर्धा किलो चिकन खिम्याला मी असं करतो:

पाऊण डेसिलीटर स्त्रोब्रोड (ब्रेडचा वाळका चुरा) सव्वा डेसिलीटर दूध-क्रीममध्ये, निम्मं निम्मं, भिजत घालायचा आणि दहा मिनिटं विसरायचा. हे वगळू नका. तुम्ही चुरा कोरडाच टाकला असणार, आणि कोरडा चुरा मांसातलंच पाणी पितो. भिजलेला चुरा मात्र शिजताना मांसाला आवळू देत नाही आणि ओल धरून ठेवतो. एक लहान कांदा अगदी बारीक चिरून लोण्यात मऊ होईपर्यंत परतून गार करायचा. कच्चा किसलेला कांदा घालणारेही आहेत, पण त्याला पाणी सुटतं आणि चिकनचा गोळा आधीच लेचापेचा असतो. मग खिम्यात सपाट चमचाभर मीठ घालून तो चिकटसर होईपर्यंतच हलवायचा. त्यात एक अंडं, भिजलेला चुरा, कांदा, पाव चमचा पांढरी मिरी आणि तेवढीच ऑलस्पाइसची पूड. सगळं एकत्र आलं की थांबा. कणकेसारखं मळलंत तर परत रबर. अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, नाहीतर वळताना रडाल.

ऑलस्पाइसबद्दल एक. इथे तो क्रिद्दपेपार नावाने कुठल्याही दुकानात मिळतो. पण वाचणाऱ्यांपैकी कोणी पुण्या-मुंबईत करणार असेल तर जपून: काही दुकानदार ऑलस्पाइस म्हणून कबाबचिनी देतात, आणि कबाबचिनी या नावाखाली शेपटीवाली मिरीही मिळते. शेपटी असेल तर ती वेगळी वस्तू. ऑलस्पाइस गोल, बिनशेपटीचा, आणि चुरडला की लवंग-दालचिनी-जायफळ असा मिश्र वास येतो. नाहीच मिळाला तर लवंग आणि जायफळाची चिमूट घाला.

वळण्यापूर्वी एक चपटी टिकली करून तळून खाऊन बघा. मीठ कळतं. हात गार पाण्यात बुडवत सुपारीपेक्षा थोडे मोठे गोळे वळा. अर्धा किलोत तीसएक होतात. मोठे केले तर बाहेरून करपतात आणि आत कच्चे राहतात.

पॅन बिडाचा किंवा साध्या स्टीलचा घ्या. नॉनस्टिकला काही चिकटत नाही हा त्याचा गुण इथे दोष ठरतो. लोणी टाकलं की ते फसफसतं, मग आवाज कमी होतो. स्वीडिशमध्ये याला लोणी ‘गप्प झालं’ म्हणतात. लोणी कढवताना आपल्या आईचा कानही त्याच आवाजाकडे असायचा, त्यामुळे हे वेगळं शिकवावं लागत नाही. गप्प झालं की गोळे सोडा, पण दाटी नको. एका वेळी अर्धेच. दाटी झाली की पाणी सुटतं आणि भाजण्याऐवजी वाफवले जातात. उलटायला चमचा नको, पॅनचा दांडा धरून गोल हलवा, गोळे आपोआप गडगडत फिरतात आणि गोलही राहतात. मध्यम आचेवर आठ-दहा मिनिटं. थर्मामीटर असेल तर चिकनला आत ७४ अंश, नसेल तर एक फोडून बघा.

ओव्हनचा मोह होतो, मान्य. आयकियाने २०२० च्या टाळेबंदीत आपली घरगुती कृती जाहीर केली, त्यात गोळे आधी पॅनमध्ये तांबूस करून मग १८० अंशांवर अर्धा तास ओव्हनमध्ये ठेवायला सांगितलंय. ती बीफ-पोर्कसाठी आहे. चिकनला अर्धा तास दिलात तर लेकीला चेंडू खेळायला होतील. त्या कृतीतली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी: सॉसमध्ये सोया आणि चमचाभर डिजाँ मोहरी.

सॉस. गोळे ताटलीत काढले, पॅन धुवायचा नाही. काळं झालेलं लोणी असेल तर तेवढं ओता. दोन मोठे चमचे लोणी, दोन मोठे चमचे मैदा, मंद आचेवर कच्चा वास जाईपर्यंत परता. मग तीन डेसिलीटर गरम स्टॉक थोडा थोडा, कालथ्याने तळ खरवडत. गुठळ्या झाल्या तर घाबरू नका, फेटणीने मोडतात. पाच मिनिटं उकळला की दीड ते दोन डेसिलीटर विस्पग्रेड्डे, एक-दीड चमचा सोया सॉस (होय, सोया, इथला सॉस तपकिरी दिसतो त्यात त्याचा मोठा वाटा), पांढरी मिरी, आणि चमचाभर काळ्या मनुकांची नव्हे, काळ्या करंटची जेली. ही शेवटची वस्तू मला आजींनी खूप उशिरा सांगितली. त्या चमच्याने सॉसचा तुपकटपणा तुटतो. स्टॉकच्या वडीत आणि सोयात मीठ भरपूर असतं, म्हणून मीठ चाखून अगदी शेवटी. लिंबू अजिबात नको. आंबटपणा ताटात दुसरीकडून येतो.

तो येतो लिंगन या इथल्या लहान लाल आंबट फळांमधून. बाटलीतला जॅम आणू नका असं म्हणणार नाही, पण रोरोर्दा लिंगन, म्हणजे न शिजवता साखरेत ढवळलेली फळं, इतकं सोपं आहे की आणावा का, हा प्रश्न पडतो: अर्धा किलो गोठवलेली फळं, दोन डेसिलीटर साखर, विरघळेपर्यंत अधूनमधून ढवळायचं. गॅस पेटवायचा नाही. लिंगनमध्ये मुळातच बेंझोइक आम्ल असतं, त्यामुळे न शिजवताही फ्रिजमध्ये पुष्कळ दिवस टिकतं. चव आपल्या करवंदांच्या जवळची, आंबट-तुरट. देशात करणाऱ्यांनी करवंदाचा जॅम घ्यावा.

दुसरा आंबटपणा प्रेसगुर्काचा, म्हणजे दाबलेल्या काकडीचा. काकडीच्या पातळ चकत्या, मीठ लावून वजनाखाली ठेवायच्या, पाणी पिळून टाकायचं, कोशिंबिरीला करतो तसंच. वर एक भाग एत्तिका (इथलं तीव्र व्हिनेगर), दोन भाग साखर, तीन भाग पाणी. हे १-२-३ प्रमाण १२ टक्क्यांच्या एत्तिकासाठी आहे. दुकानात २४ टक्क्यांचीही बाटली मिळते आणि दोन्ही सारख्याच दिसतात. मी पाहुण्यांना २४ वाली वाढली होती. त्या संध्याकाळी फार कोणी बोललं नाही, सगळे खोकत होते.

बटाट्याचं सांगायची गरज नाही. कुस्करा किंवा उकडून द्या.

चिकनव्यतिरिक्त काय, असंही तुम्ही विचारलंय. लॅमचा खिमा फार छान होतो, पण त्याचा स्वतःचा वास ऑलस्पाइसला दाबतो. शरद ऋतूत शिकारीचा हंगाम असतो, तेव्हा ओळखीत कोणी मूसचा, म्हणजे इथल्या त्या अवाढव्य हरणाचा खिमा दिला तर नाही म्हणू नका. तो अगदी कोरडा असतो, त्यात क्रीम आणि लोणी हात सोडून घाला आणि सॉसमध्ये ठेचलेले जुनिपरचे दोन-चार दाणे टाका.

तुमच्या यजमानांनी ‘हा तर आपलाच कोफ्ता’ असं म्हटल्याचं लिहिलंय. त्यांना सांगा, एप्रिल २०१८ मध्ये स्वीडनच्या अधिकृत ट्विटर खात्यानेच जाहीर केलं होतं की ही कृती राजा बाराव्या कार्लने तुर्कस्तानातून आणली. पोल्टाव्हाच्या १७०९ च्या पराभवानंतर हा राजा १७१४ पर्यंत उस्मानी मुलखात अडकून होता, हे खरं. पण मीटबॉल त्याच्याच सामानातून आले हे मला पटत नाही. मांस खिमून गोळा करायला राजा कशाला लागतो? कोबीच्या पानात खिमा गुंडाळून करतात त्या कोल्डोल्मारचं तुर्की नातं मात्र नावातच आहे, डोल्मा. त्याचा दिवसही इथे ३० नोव्हेंबरला पाळतात, त्याच राजाच्या मृत्यूच्या तारखेला.

आणि लेकीबद्दल. एकदा डागिसमध्ये विचारा की तिला नक्की काय वाढतात. बऱ्याचदा मुलांच्या ताटात क्रीम सॉस नसतोच, मीटबॉलबरोबर मॅकरोनी आणि केचप असतो. तसं निघालं तर गोळे वरच्यासारखेच करा, तिच्यापुरते सॉसमध्ये घालण्याआधी काढून ठेवा. उरलेले दुसऱ्या दिवशी अर्धे कापून ब्रेडवर बीटच्या सॅलडबरोबर लावा.

केलेत की सॉसचा रंग कसा आला ते लिहा. फिका पांढरट आला असेल तर पॅन पुरेसा तापला नव्हता किंवा गोळ्यांची दाटी झाली होती, मग पुढच्या वेळी तीन घाण्यांत करा.