श्वानाच्या वारेतील मूलपेशी साठवण्यासाठी मुदत ठेव मोडावी का?

नागपूरच्या त्रिमूर्तीनगरातील एका वाचक भगिनींची चार वर्षांची लॅब्राडॉर कुत्री पुढच्या महिन्यात विणार आहे. तिची वार व नाळ यांतील मूलपेशी, म्हणजेच इतर प्रकारच्या पेशी घडवू शकणाऱ्या स्टेम सेल, 15 वर्षे गोठवून ठेवण्यासाठी एका कंपनीने त्यांच्याकडे 60,000 रुपये एकरकमी मागितले आहेत. पुढे सांधेदुखी झाल्यास आई आणि घरी ठेवायचे एक पिल्लू या दोघांनाही या पेशी उपयोगी पडतील, असे त्यांना सांगण्यात आले आहे. घरखर्च महिना 45,000 रुपये, मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आणि हाताशी रोकड म्हणून 1,80,000 रुपयांची एकच मुदत ठेव आहे. ती मोडावी का, असा त्यांचा प्रश्न आहे.

ताई, ती मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आज आपल्याकडे चार महिन्यांच्या खर्चाची तरतूद आहे; 60,000 काढल्यावर ती तीन महिन्यांचीही उरत नाही, आणि मुदतीपूर्वी रक्कम काढल्याबद्दल बँक व्याजात कपात करील ती वेगळीच.

परंतु हा खर्च परवडण्याजोगा असता, तरी मी तो सुचवला नसता. नाळ आणि गर्भाभोवतीचे आवरण हे पिल्लाचे असतात, आईचे नव्हेत. म्हणजे आपल्या कुत्रीपुरते पाहिले, तर साठवलेल्या पेशी तिच्या स्वतःच्या नसून दुसऱ्या जीवाच्याच असणार. या प्रकारच्या पेशींना परके शरीर सहसा तीव्र विरोध करीत नाही, म्हणून त्या एका प्राण्याच्या दुसऱ्याला देता येतात, असे या क्षेत्रातील संशोधक सांगतात, आणि कंपनीचा आईबद्दलचा दावाही त्यावरच उभा आहे. पण दुसऱ्याच्या पेशी चालत असतील, तर त्या आपल्याच घरच्या असाव्यात यासाठी पैसे का मोजावेत? युरोपीय संघाने 2022 मध्ये कुत्र्यांच्या सांधेदुखीसाठी डॉगस्टेम हे औषध मंजूर केले, आणि त्यातील पेशी चक्क घोड्याच्या नाळेतून घेतलेल्या आहेत. उपचार प्रस्थापित झाला, तर तो असा तयार औषधाच्या रूपात विकत मिळण्याचीच शक्यता अधिक आहे. आणि प्रस्थापित झाला नाही, तर साठवण वाया जाणारच आहे. माणसांच्या बाबतीतही भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनी नाळेतील रक्त स्वतःच्या भावी वापरासाठी जपून ठेवण्यास शास्त्रीय आधार नसल्याचे म्हटले आहे.

मुदतीचा हिशेबही पाहावा. लॅब्राडॉरचे आयुष्य साधारण 10 ते 12 वर्षांचे असते, म्हणजे चार वर्षांच्या आईच्या वाट्याला यातील सहा ते आठ वर्षेच येतील, आणि पैसे मात्र 15 वर्षांचे आजच द्यायचे. शिवाय हे साठवणुकीचे पैसे आहेत, उपचाराचे नव्हेत. पेशी वितळवून वाढवणे, शीतसाखळीतून दवाखान्यापर्यंत आणणे, भूल आणि इंजेक्शन यांचा खर्च त्या वेळी वेगळा येईल. कुत्री अनेकदा मध्यरात्री विते आणि वार लगेच खाऊन टाकते. तसे झाल्यास रक्कम परत मिळेल का, आणि उणे 196 अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनच्या टाक्या कंपनी बंद पडल्यावर कोण भरत राहील, याबद्दल आपण पाठवलेल्या माहितीपत्रकात एक ओळही नाही. ‘विण्याआधीच सही करा’ ही घाई मात्र ठळक अक्षरांत आहे.

हेच 60,000 रुपये साडेसहा टक्क्यांनी आठ वर्षे ठेवीत राहिले, तर कर वजा जाता नव्हे, पण ढोबळमानाने 99,000 होतात, आणि ते कोणत्याही आजारासाठी वापरता येतात. नागपूरच्या मे महिन्यात लॅब्राडॉरला उष्माघात होण्याची भीती मला सांधेदुखीपेक्षा अधिक जवळची वाटते. ठेवीला हात न लावता दरमहा 1,000 रुपयांची आवर्ती ठेव केवळ श्वानांच्या औषधोपचारासाठी सुरू करावी. सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयात दोघांची नितंबसांध्याची तपासणीही वेळेवर करून घ्यावी. सांध्यांसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय तर वाडग्यातच आहे: अमेरिकेत 48 लॅब्राडॉर पिल्लांवर आयुष्यभर चाललेल्या आणि 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जोडीला ठेवलेल्या भावंडापेक्षा 25 टक्के कमी खाणारी कुत्री सरासरी सुमारे पावणेदोन वर्षे जास्त जगली आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली.

एखाद्या संशोधन संस्थेने वार विनामूल्य मागितली, तर ती अवश्य द्यावी. बाकीची पिल्ले नेणाऱ्यांपैकी कोणाला साठवणूक हवीच असेल, तर त्यांनी कंपनीशी स्वतःच्या नावाने करार करून पैसे विण्यापूर्वी भरावेत. आपण त्या करारावर सही करू नये आणि त्यांच्या वतीने आगाऊ रक्कमही देऊ नये.