मानाचा हप्ता

“मॅडम, छोटी गाडी घेतली तर चारचौघांत कमीपणा येतो, मोठी घेतली तर हप्त्यांनी कंबरडं मोडतं. करायचं काय?” दसरा-दिवाळी जवळ आली की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. त्यातल्याच एका जोडप्याचं सांगते. ओळख पटेल असे तपशील बदललेत.

तो चाकणच्या कारखान्यात, ती शिक्षिका, घर चिंचवडला. दोघांचे मिळून हातात 85 हजार येतात, त्यातले 24 हजार घराच्या हप्त्याला. त्याला क्रेटा हवी, तिला वॅगनआर. “ह्यांना नुसतं मिरवायचंय,” ती म्हणाली. “हिला कशाची हौसच नाही,” तो.

मी त्याला म्हटलं, मिरवा की, पण कुणासमोर ते नाव घेऊन सांगा. आधी ‘लोक’, मग ‘सोसायटीतले’, मग ‘ऑफिसातले’ असं करत गाडी साडूवर येऊन थांबली. गणपतीत साताऱ्याकडे सासुरवाडीला गेले, तेव्हा साडूंची नवी गाडी सासऱ्यांनी स्वतः उभं राहून अंगणात लावून घेतली. हे मात्र एसटीने पोचले. “गर्दी होती का हो एसटीला?” सासऱ्यांनी विचारलं. एवढंच. म्हाताऱ्याच्या मनात काही नसेलही, पण जावयाला ते लागलं. बायकोला हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मानाला मी फालतू म्हणत नाही. माणसाला तो लागतोच. फक्त त्याची किंमत कागदावर मांडावी. मी त्यांच्याकडूनच मांडून घेतली. हाताशी 3 लाख होते. छोट्या गाडीला 5 लाख कर्ज, 9 टक्क्यांनी 5 वर्षं: हप्ता सुमारे 10,400. मोठीला 12 लाख, 7 वर्षं: सुमारे 19,300, आणि नुसतं व्याजच सव्वाचार लाखांच्या घरात. पाच वर्षांनी विम्याच्या हिशोबात गाडी निम्म्या किमतीवर येते, हप्ते मात्र अजून दोन वर्षं चालूच. दोन हप्त्यांतल्या फरकापुढे त्याने स्वतःच लिहिलं, ‘मानाचा हप्ता, 8,900’. आणि हसला.

मग मी विचारलं, सोमवार ते शनिवार गाडी चालवणार कोण? तो तर कंपनीच्या बसने जातो. ती हळूच म्हणाली, “लायसन्स माझ्याकडेही आहे. आमच्या गल्लीत मोठी गाडी वळवायची मला भीती वाटते.” इतके दिवस ती काटकसरीचं कारण पुढे करत होती. मनातलं दोघांनीही सांगितलं नव्हतं, असं माझं मत.

तिच्या सासूबाईंना शोरूमला न्या, असंही मी सुचवलं. त्यांचे गुडघे दुखतात, आणि फिजिओथेरपीला त्यांना सूनच नेते. त्या प्रत्येक गाडीत दाराला धरून बसल्या, उठल्या. मोठीत पाय उचलून चढावं लागलं, एका सेडानमधून तर मुलाने हात दिल्यावरच उठता आलं. वॅगनआरची सीट खुर्चीच्या उंचीची. “हिच्यात नीट बसता येतं,” म्हणाल्या.

वॅगनआरच घेतली. पण वरचं मॉडेल, अलॉय चाकांचं, त्याच्या पसंतीच्या रंगात. साठेक हजार जास्त गेले. तिने ते हप्त्यात बसवून पाहिलं आणि मला फोनवर सांगितलं, “मॅडम, मानाचा हप्ता साडेबाराशेवर आणलाय. एवढा चालेल मला.”