वाचक विचारतात : वाळवंटी डोंगरातील गुहेच्या शोधात एकट्याने जावे का?

प्रश्न : मी ठाण्यात घोडबंदर रस्त्यावर राहतो. अनेक वर्षे सह्याद्रीत भटकंती करत आहे. माहुली आणि प्रबळगड एकट्यानेही केले आहेत. नोव्हेंबरमध्ये कार्यालयीन कामासाठी लास व्हेगासला जाणार असून शनिवार-रविवार मोकळे मिळतील. तेथील वाळवंटी डोंगरात इंग्रजी ‘एम’ अक्षरासारखे तोंड असलेली एक गुहा आहे, असे एका स्थानिक भटक्याने सांगितले होते आणि २०१४ च्या नोव्हेंबरात ती पुन्हा शोधायला एकटाच गेलेला तो माणूस परतला नाही, असे वाचनात आले. ती गुहा शोधावी असे फार मनात आहे. घरच्यांचा विरोध आहे. जावे का, आणि जायचे तर तयारी कशी करावी?
— एक वाचक, ठाणे (पश्चिम)

उत्तर : एकट्याने चालायला जाण्यास आमची हरकत नाही, एकट्याने शोधायला जाण्यास मात्र आहे, आणि हा फरक तुमच्या पत्रात कोठेच दिसत नाही. माहुलीला निघताना आसनगावहून कोणत्या वाटेने चढणार, कोणत्या वाटेने उतरणार आणि साधारण कोणत्या लोकलने परतणार, हे घरी सांगून निघता येते. शोधाला अशी वाट नसते. एक घळ रिकामी निघाली की माणूस शेजारच्या घळीत डोकावतो, तेथून पलीकडची सोंड खुणावते, आणि दुपारी तो जेथे पोहोचतो ते ठिकाण सकाळी त्याचे त्यालाही सांगता आले नसते. मग पाय मुरगळला तर मदतीला येणाऱ्यांनी नेमके कोठे पाहायचे? तुम्ही लिहिलेल्या घटनेत शोधपथकाला त्या माणसाचा मोबाइल एका जुन्या खाणीच्या उभ्या विवराजवळ सापडला, ते विवर तपासलेही गेले, पण माणूस सापडला नाही. ती गुहा आहे याला त्याच्या स्वतःच्या कथनाखेरीज दुसरा आधार नाही, हेही ध्यानात घ्यावे.

तुमच्या अनुभवाबद्दल आदर ठेवूनच सांगतो की सह्याद्रीतील सरावाने अंगी बाणलेल्या काही सवयी तेथे उलटतात. आपल्या गडांवर टाकी असतात, पायथ्याला पाडा असतो, वाट चुकली तरी एखादा गुराखी भेटतो आणि बहुतेक ओढ्यांच्या काठाने उतरत गेले की वस्ती लागते. लास व्हेगास ज्या राज्यात आहे त्या नेवाडातील कोरडे ओढे मात्र मैलोनमैल ओसाड मैदानात जाऊन विरतात, आणि वाटेत कोरड्या धबधब्यांचे असे कडे येतात की एक उडी मारून खाली उतरलेल्या माणसाला पुढेही जाता येत नाही आणि मागेही फिरता येत नाही. हवा इतकी स्वच्छ असते की तासाभरावर वाटणारा डोंगर अर्धा दिवस खातो. ठाण्याच्या दमट उन्हात घाम निथळतो, त्यामुळे पाणी प्यायची आठवण आपोआप होते. तेथील कोरड्या हवेत तो क्षणात उडून जातो, अंग कोरडेच राहते आणि शरीरातले पाणी किती घटले ते कळत नाही. मे महिन्यात येऊरच्या डोंगरात सराव करून पायांची तयारी होईल, पण या गोष्टीची होणार नाही.

पाण्याचा हिशेब माणशी दिवसाला किमान चार लिटर असा धरतात. म्हणजे दोन दिवसांच्या शोधासाठी पाठीवर आठ किलो वजन नुसत्या पाण्याचे झाले. जोडीला खारे खाणे हवे, कारण घामातून गेलेले मीठ न भरता केवळ पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम उतरते आणि माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. नोव्हेंबरात ऊन सौम्य असले तरी सूर्य साडेचारच्या सुमारास मावळतो आणि रात्री कडाक्याची थंडी पडते.

आता गुहेविषयी. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, म्हणून कान्हेरी किंवा घारापुरी येथे दिसतात ती लेणी माणसाने कोरलेली आहेत. नेवाडाच्या दक्षिणेतील, लास व्हेगासजवळच्या शीप रेंजसारख्या डोंगररांगा प्रामुख्याने चुनखडक आणि डोलोमाइटच्या आहेत. सौम्य आम्लधर्मी पाणी असा खडक विरघळवते आणि त्यात नैसर्गिक गुहा तयार होतात. तेव्हा तेथे अज्ञात गुहा असणे मुळीच अशक्य नाही. पण लांबून दिसणारे काळे भोक पुष्कळदा सोडून दिलेली खाण असते: कुजलेले लाकडी टेकू, अंधारात अचानक उघडणारी उभी विवरे, प्राणवायू कमी असलेली हवा. अशा तोंडातून एक पाऊलही आत टाकू नये, यात आम्ही कसलीही सवलत देणार नाही.

शीप रेंज १९३६ साली वाळवंटी मेंढ्यांसाठी स्थापन झालेल्या अभयारण्यात येते. त्याचा विस्तार सुमारे साडेसहा हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आजच्या ठाणे जिल्ह्याहून मोठा आहे, आणि त्याचा पश्चिमेकडील मोठा भाग हवाई दलाच्या सराव क्षेत्रात असल्याने सर्वसामान्यांना बंद आहे. तेथे न फुटलेला दारूगोळाही असतो. शिवाय १९८८ च्या एका संघीय कायद्यानुसार महत्त्वाच्या गुहांची नेमकी ठिकाणे सहसा गुप्त ठेवली जातात.

गुहेचीच ओढ असेल तर नॅशनल स्पेलिओलॉजिकल सोसायटी या गुहा-अभ्यासकांच्या संस्थेच्या तेथील शाखेशी आधीच पत्रव्यवहार करावा. अनुभवी मंडळी सहसा चौघांनी जातात: एक जखमी झाला तर एक त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला निघतात. प्रत्येकाजवळ तीन दिवे असतात. इतरत्र गुहेत वापरलेले बूट-कपडे नेऊ नयेत, कारण वटवाघळांना मारणारी बुरशी त्यांवरून पसरते. एकटेच फिरायचे असेल तर लास व्हेगासजवळच्या चार्ल्सटन शिखराच्या आखलेल्या पायवाटांपैकी एक धरावी आणि ती सोडू नये. ग्रेट बेसिन राष्ट्रीय उद्यानातील लेहमन गुहा वनरक्षकांबरोबर पाहता येते. ती अज्ञात नाही, पण पाहण्यासारखी निश्चित आहे.

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत नेवाडात एकटाच असे वाळवंटी ट्रेक करतो. फोन आला नाही तर आम्ही नेरुळमध्ये बसून किती वेळ वाट पाहावी? त्याच्यासाठी उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र घ्यावे का?
— एक माता, नवी मुंबई

उत्तर : ताई, चोवीस तास थांबायलाच हवे ही समजूत चुकीची आहे. निघण्यापूर्वी त्याच्याकडून वाटेचे नाव, गाडी उभी करण्याची जागा, परतीची वेळ आणि त्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) शेरीफ या पोलीस अधिकाऱ्याच्या कार्यालयाचा पूर्ण दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा, कारण तेथील ९११ हा आपत्कालीन क्रमांक येथून लागत नाही. हिवाळ्यात नेवाडाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असते. तेथे संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे साडेसात झालेले असतात. ठरलेल्या वेळेनंतर दोन-तीन तासांची सवड आधीच ठरवून घ्यावी आणि ती उलटताच फोन करावा. मुलगा रागावेल म्हणून थांबू नये. यंत्र अवश्य असावे, कारण त्या डोंगरांत मोबाइलला बहुतेक ठिकाणी रेंज नसते, परंतु ते तेथेच भाड्याने घेऊन तेथेच परत करावे. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय अशी उपग्रह यंत्रे भारतात आणणे बेकायदा आहे, आणि ती सामानात सापडल्यामुळे आपल्या विमानतळांवर परदेशी पर्यटकांवर कारवाई झालेली आहे.