वाचकांचे प्रश्न : डीव्हीडीतलं लग्न एडिटिंगसाठी कॉम्प्युटरवर कसं घ्यायचं?

प्रश्न : आमच्या २००८ सालच्या लग्नाच्या दोन डीव्हीडी आहेत. त्यातून दहा मिनिटांचा व्हिडिओ करून लेकरांना आणि पाहुण्यांना मोबाइलवर पाठवायचा आहे. डिस्क उघडली की व्हीओबी नावाच्या चार-पाच फाइली दिसतात. त्या एडिटिंगला घेतल्या तर आवाज येत नाही आणि मधेच चित्र तुटतं. एका डिस्कवर ओरखडेही आहेत. काय करावं?
(एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : ताई, त्या फाइली थेट एडिटिंगला घेऊ नका. डीव्हीडीवरचा व्हिडिओ सलगच असतो, पण लिहिताना त्याचे साधारण एक-एक जीबीचे तुकडे पडतात. साइज भरली की तुकडा पडतो, मग मंगलाष्टकं अर्ध्यावर का असेनात. कुठल्या तुकड्यामागून कुठला, याचा हिशेब शेजारच्या आयएफओ नावाच्या छोट्या फाइलीत असतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर ती फाइल पाहत नाही, म्हणून जोडावर चित्र तुटतं. आवाजाचं कारण वेगळं आहे. बहुतेक डीव्हीडींवर आवाज एसी-थ्री प्रकारचा असतो आणि दा विंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो बऱ्याचदा उमटत नाही.

सुरुवात चांगल्या डिस्कपासून करा. घरी लिहिलेल्या डीव्हीडीत माहिती रंगाच्या पातळ थरावर असते. ऊन आणि उष्णता या थराला मानवत नाही. आपल्याकडे पत्र्याच्या घरात, लोखंडी पेटीत ठेवलेल्या डिस्कने २००८ पासूनचे मराठवाड्यातले उन्हाळे काढलेत, हे लक्षात घ्या. म्हणून ती पुन्हा पुन्हा लावून बघत बसू नका, आधी तिची प्रत काढा.

त्यासाठी मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरा, डीव्हीडीसाठी ते फुकट आहे. डिस्क उघडली की टायटलांची, म्हणजे डिस्कवरच्या सलग भागांची, यादी येते. त्यातलं सगळ्यात लांब टायटल म्हणजे बहुधा तुमचं लग्न. १२० सेकंदांहून छोटी टायटलं हे सॉफ्टवेअर आपोआप वगळतं. एखादा छोटा भाग हवा असेल तर सेटिंगमध्ये हा आकडा कमी करा. एका डिस्कची एक एमकेव्ही फाइल होते. यात चित्र नव्याने दाबलं जात नाही, एका डब्यातलं धान्य दुसऱ्या डब्यात ओतावं तसा तोच डेटा दुसऱ्या फाइलीत जातो, त्यामुळे दर्जा तसूभरही घटत नाही. चांगल्या डिस्कला दहा-पंधरा मिनिटं लागतात. झाल्यावर व्हीएलसी या प्लेअरमध्ये लावून एकूण वेळ डिस्कच्या वेळेशी ताडून बघा, शेवटची पाच मिनिटंही बघा, कारण डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि बाहेरची कडच आधी खराब होते.

ही फाइल ४ जीबीच्या वर गेली तर साध्या पेनड्राइव्हवर कॉपी होणार नाही. दोष फाइलीचा नसतो. फॅट-३२ फॉरमॅटला ४ जीबीची मर्यादा आहे. पेनड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. हळद लावणारा हात जोरात हलतो त्या जागी व्हिडिओ थांबवून बघा. बोटांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसतील. आपल्याकडच्या डीव्हीडीत सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे २५ चित्रं, असतात, पण प्रत्येक फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या-अर्ध्या ओळी विणलेल्या असतात. जुन्या टीव्हीवर ते चालून जायचं, मोबाइलवर त्या रेघा डोळ्यांत खुपतात. त्या उसवून घ्याव्या लागतात, त्याला डीइंटरलेसिंग म्हणतात.

हँडब्रेक या फुकट सॉफ्टवेअरमध्ये एमकेव्ही उघडा. फिल्टरमध्ये इंटरलेस डिटेक्शन बंद, डीइंटरलेस यादिफ, प्रीसेट बॉब. व्हिडिओत फ्रेम रेट ५० आणि कॉन्स्टंट. बॉबमुळे दोन्ही अर्ध्या फ्रेम वेगवेगळ्या होतात, म्हणून २५ चे ५० होतात आणि वरातीतला नाच जसा होता तसा सळसळता दिसतो. २५ ठेवलं तर हालचाल अडखळल्यासारखी वाटते. कोडेक (व्हिडिओ दाबण्याची पद्धत) एच-२६४, क्वालिटी १६, आवाज एएसी २५६.

डायमेन्शनमध्ये क्रॉपिंग नन, ॲनामॉर्फिक नन, ‘अलाव अपस्केलिंग’वर खूण, आणि साइज ७६८ बाय ५७६. डीव्हीडीत चित्र ७२० बाय ५७६ असं साठवलेलं असतं, ते तसंच वापरलं तर ४:३ च्या चित्रातली माणसं बारीक आणि उंच दिसतात. रुंद पडद्याची डीव्हीडी असेल तर १०२४ बाय ५७६ ठेवा. फोर-केच्या मागे लागू नका. तीन तासांचं लग्न ४.७ जीबीत बसवलेलं असेल तर सेकंदाला जेमतेम साडेतीन मेगाबिट वाट्याला आले असतील. तेव्हाच निसटलेले बारकावे आता मोठं करून परत येणार नाहीत.

तयार झालेली एमपी-फोर फाइल शॉटकट किंवा रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घ्या आणि कापा. एमकेव्ही मात्र पुसू नका, तीच तुमची मूळ प्रत. तयार व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर तिथे तो पुन्हा दाबला जातो.

ओरखडे असलेली डिस्क कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ सुती कापडाने पुसा. मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसायचं, गोल गोल नाही. माहिती गोल फिरणाऱ्या मार्गावर असते. आडवा ओरखडा थोडीच माहिती खातो आणि ड्राइव्ह ती भरून काढतो, गोल ओरखडा मात्र सलग खातो. तरीही अडकली तर नेहमीची कॉपी वापरू नका, ती पहिल्याच खराब जागी थांबते. विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली असलेल्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून डीडीरेस्क्यू हे खराब डिस्क वाचणारं सॉफ्टवेअर वापरा, सेक्टर साइज २०४८. पहिल्या फेरीत तो खराब जागा सोडून बाकी सगळं उचलतो, दुसऱ्या फेरीत त्याच जागी तीनदा प्रयत्न करायला सांगा. कुठलं वाचलं, कुठलं राहिलं याची तो एक मॅप फाइल ठेवतो. ती ठेवली तर उरलेल्या जागा दुसऱ्या डीव्हीडी ड्राइव्हवर वाचता येतात. हे करून बघाच. एका ड्राइव्हला न सुटलेली जागा दुसऱ्याला बऱ्याचदा सुटते. यातून मिळालेली आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एकच फाइल, मेकएमकेव्हीत डिस्कसारखीच उघडते.

एक महत्त्वाचं : हे सगळं स्वतःच्या चित्रीकरणासाठी आहे. विकत घेतलेल्या सिनेमाच्या डीव्हीडीला कुलूप असतं, आणि कॉपीराइट कायद्यात २०१२ साली आलेल्या ६५-अ कलमानुसार हक्क मोडण्यासाठी ते तोडणं गुन्हा आहे.

प्रश्न : गावच्या हरिनाम सप्ताहातल्या कीर्तनाची डीव्हीडी कॉम्प्युटरवर घेतली. पखवाजावर थाप पडलेली आधी दिसते, आवाज मागून येतो. दुरुस्त होईल का?
(एक वाचक, वसमत)

उत्तर : भाऊ, आधी सुरुवातीची एक थाप आणि शेवटची एक थाप तपासा. दोन्हीकडे सारखाच फरक असेल तर एडिटिंगमध्ये आवाजाचा ट्रॅक तेवढा डावीकडे, म्हणजे आधी वाजेल असा, ओढा, २५ फ्रेमच्या प्रोजेक्टमध्ये एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद. फरक वाढत जात असेल तर सरकवून उपयोग नाही, कारण सुरुवात जुळली की शेवट बिघडतो. व्हीओबीचे तुकडे नुसते एकापुढे एक चिकटवले किंवा फ्रेम रेट ‘व्हेरिएबल’ (कमी-जास्त होणारा) राहिला की असं होतं. वर सांगितल्याप्रमाणे डिस्कवरून टायटल पुन्हा काढा आणि कॉन्स्टंट फ्रेम रेट ठेवा.

प्रश्न : छोट्या डिस्कचा जुना हँडीकॅम होता. त्यातली डिस्क कॉम्प्युटरला लावली तर रिकामी दाखवते, कॅमेऱ्यात मात्र चालते.
(एक वाचक, परभणी)

उत्तर : ती फायनलाइझ केलेली नाही, म्हणजे दुसऱ्या यंत्रांना वाचता यावी म्हणून रेकॉर्डिंगनंतर शेवटी जी नोंद लिहायची असते ती राहिली आहे. कॅमेरा चालू आहे तोवर, चार्जर जोडून, त्याच्याच मेनूतून ‘फायनलाइझ’ करा. मधे वीज गेली तर डिस्क हातची जाऊ शकते, म्हणून बॅटरीही पूर्ण भरलेली असू द्या. विंडोजने ही डिस्क फॉरमॅट करू का, किंवा तिच्यावर फाइली लिहू का असं विचारलं तर नाहीच म्हणा. कॅमेरा बंद पडलेला असेल तर आयसोबस्टर हे सॉफ्टवेअर अशा डिस्कवरचं चित्रीकरण शोधून दाखवतं, फाइली बाहेर काढायला मात्र पैसे भरावे लागतात. ८ सेंटिमीटरची डिस्क फटीतून आत ओढणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, आतच अडकते. ट्रे बाहेर येणारा ड्राइव्ह घ्या, आणि तो यूएसबीचा असेल तर हबमध्ये न लावता थेट कॉम्प्युटरला लावा. वीज कमी पडली की डिस्क फिरायला लागते, थांबते, पुन्हा फिरते, आणि माणसाला वाटतं डिस्कच खराब आहे.