सँटोरिनीचा एक दिवस आणि ८६,००० रुपये

ताई, इंदिरानगरहून तुम्ही विचारलंय: जूनमधल्या ग्रीस क्रूझचे पैसे भरून झालेत. सँटोरिनीच्या एका दिवसासाठी जहाजवाल्यांच्या दोन सहली आहेत, सकाळी ज्वालामुखी माणशी ९५ युरो, दुपारी इया गाव १२० युरो. चौघांनी दोन्ही कराव्यात का, आणि त्यासाठी मुलाच्या कॉलेजची एफडी मोडावी का?

एफडीला हात लावू नका. मुदतीआधी मोडली की जितके दिवस पैसे राहिले तेवढ्याच दिवसांचा दर मिळतो, वर बहुतेक बँका अर्धा-एक टक्का कापतात.

आता सहली. युरो शंभराचा धरला तरी ८६,००० होतात. ज्वालामुखीची सहल म्हणजे बोटीनं नेआ कामेनी बेटावर जायचं आणि काळ्या खडीवरून भर उन्हात चढायचं. शेवटचा उद्रेक १९५० साली झाला. आता लाव्हा नाही, कुठे कुठे वाफ आणि गंधकाचा वास. सासूबाई पांडवलेणीच्या पायऱ्यांवर निम्म्यातच बसतात, हे तुम्हीच लिहिलंय. (तशी पांडवलेणीही लाव्हाच्याच खडकात कोरलेली आहेत, पण मुलाला हे सांगून पाहा!) ही सहल सोडा.

इयाची मात्र घ्या, आणि जहाजाकडूनच. सँटोरिनीला मोठी जहाजं धक्क्याला लागत नाहीत, लहान बोटींनी उतरवतात. आपापले जाणारे जुन्या बंदरावर उतरतात. वर ‘फिरा’ नावाच्या गावात जायला केबल कार, गाढव, नाहीतर सहाशेच्या आसपास पायऱ्या. केबल कारला उन्हाळ्यात लांब रांग. सहलवाल्यांना बहुधा दुसऱ्या, अथिनिओस बंदरावर उतरवून बसनं वर नेतात. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार केला तर १२० युरो मला जास्त वाटत नाहीत. परतीला केबल कारच आहे का, तेवढं विचारून घ्या. शिवाय जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाजवाले जबाबदारी घेतात. तुम्ही केलेल्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही.

म्हणजे ४८,०००. त्यात ग्रीसचा क्रूझ कर धरा: जुलै २०२५ पासून सुरू झालाय, सँटोरिनीला जून ते सप्टेंबर माणशी २० युरो, चौघांचे ८,०००. तो भाड्यात आलाय की जहाजावरच्या बिलात लागणार, हे एजंटकडून लेखी घ्या. क्रेडिट कार्डावर परकीय चलनाचा साडेतीन टक्के आकार आणि त्यावर जीएसटी असेल, तर आणखी दोनेक हजार. एकूण ५८,०००. जूनपर्यंत तुमचे चार पगार आहेत. दर महिन्याला साडेचौदा हजार बाजूला टाका आणि कार्डाचं बिल एकरकमी भरा. बँकेचा ‘ईएमआय करा’ असा मेसेज येईलच, तो पुसून टाका.